सदतीस नंबरचा पाट

१

सदतीस नंबरच्या पुडक्यातून चित्र निघायला हवं होतं. निघाला पाट.

जेवायला बसायचा साधा पाट. सागवानी, वापरून गुळगुळीत झालेला, चारी कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेली. पांढऱ्या कागदात नीट गुंडाळून, वरून सुती फीत बांधून तो पुडक्यात बसवला होता. फितीला चिठ्ठी, चिठ्ठीवर ३७ हा आकडा आणि खाली भार्गवीची सही.

"सही माझीच आहे," भार्गवी मला म्हणाली. "चित्र गुंडाळताना मी समोर उभी होते. मग हे काय आहे?"

भार्गवी तुंगा कला संग्रहालयाची संग्रहप्रमुख. बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली, एरवी शांत. त्या सोमवारी तिचा आवाज चिरकत होता. मी आश्लेषा, विमा कंपनीची तपासनीस. मूळची नागपूरची, राहते इलेक्ट्रॉनिक सिटीत, आणि तिथून राजाजीनगरच्या या संग्रहालयात येईपर्यंत माझा अर्धा स्वभाव रस्त्यातच संपलेला असतो. उरलेल्या अर्ध्यावर मी लोकांना प्रश्न विचारते.

प्रकरण असं होतं. बसवनगुडीचे भगवंतराव गेल्या वर्षी वारले. पन्नास वर्षं त्यांनी आधुनिक चित्रं जमवली. नावाजलेल्यांची, बुडालेल्यांची, कुणी विचारत नव्हतं अशांचीही. एकूण चौऱ्याऐंशी. सगळी त्यांनी या संग्रहालयाला देऊन टाकली होती, कायमची, स्वतंत्र दालनात एकत्र राहावीत म्हणून. अट एकच. संग्रह फुटता कामा नये. चित्रं ताब्यात आल्यापासून महिन्याभरात चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी चित्रांची पोच विश्वस्तांनी द्यायची. एक जरी कमी भरलं तर दानपत्र रद्द, आणि सगळा संग्रह परत त्यांची बायको पद्मावती आणि पुतण्या रविकिरण यांच्या नावावर. माणूस हट्टी असला की मेल्यावरही हट्टीच राहतो.

"पोच कधी द्यायची आहे?" मी विचारलं.

"गुरुवारी. विश्वस्तांची बैठक आहे."

"आणि रद्द झालं तर?"

"पुतण्या दुसऱ्याच दिवशी विकायला काढेल. एक दिल्लीला, एक दुबईला. पन्नास वर्षांचं काम आठवड्यात उधळेल." तिने डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही. "सहा वर्षं मी या दालनासाठी भांडतेय हो."

खरं तर या पेट्या इतक्यात उघडायच्याच नव्हत्या. नवं दालन तयार व्हायला दोन वर्षं होती. तोवर पेट्या सीलबंद राहणार आणि पोच पेट्यांच्या चिठ्ठ्या मोजून द्यायची, असं ठरलं होतं. पण चौथ्या पेटीजवळ लाकडाचा भुगा दिसला, वाळवीची शंका आली म्हणून तेवढी एक उघडली.

"सील तुटलेलं होतं?"

"नाही," भार्गवी म्हणाली. "अगदी शाबूत होतं."

२

सील शाबूत म्हणजे अदलाबदल सील लागायच्या आधी झाली. म्हणजे बसवनगुडीच्या घरात, बांधाबांधीच्या दिवशी.

सगळं बांधलं जयतीर्थने. गांधी बाजारामागे त्याचं फ्रेमचं दुकान. भगवंतरावांच्या प्रत्येक चित्राला चौकट त्याने नाहीतर त्याच्या बापाने केलेली. पन्नाशीचा, सडपातळ, बोटांना सरस चिकटलेला. मला बघताच उभा राहिला तो बसलाच नाही.

"मॅडम, विश्वस्त पोलिसांत देणार म्हणतात. खरं का?"

"गुरुवारपर्यंत चित्र मिळालं नाही तर, हो."

"अय्यो." त्याने भिंतीला हात टेकला. "भगवंत अण्णांच्या घरचं मी चोरीन? माझ्या बापानेही त्यांचंच काम केलं."

मी त्याला त्या दिवसाचा क्रम विचारला. सकाळपासून एक वाजेपर्यंत त्याने आणि त्याच्या दोन माणसांनी चौऱ्याऐंशी पुडकी बांधली. भार्गवीने प्रत्येक चित्र पाहून सही केली. पुडकी हॉलमध्ये ओळीने लावली. मग जेवण. जेवणानंतर पुडकी पेट्यांत भरून, सील करून गाडीत चढवली.

"जेवायला बाहेर गेलात?"

"छे! पद्मावती अक्का सोडतात होय? मागच्या पडवीत पाच पानं मांडली. मी, माझी दोन माणसं, भार्गवी मॅडम आणि रविकिरण सार. केळीच्या पानावर ऊटा. चित्रान्न, कोसंबरी, हुळी, पायस."

"मधे कोण उठलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पंगतीतनं? सगळ्यांचं झाल्याशिवाय कसं उठेल कोण?"

मला पंगतीचे नियम नको होते, चोर हवा होता. मी त्याच्यासमोर पुडक्याची फीत ठेवली. भार्गवीने ती कात्रीने कापली होती, गाठ तशीच राहिली होती.

"ही गाठ तुझी?"

त्याने ती उजेडात धरली. "माझी नाही. मी सरकफास घालतो, एक टोक ओढलं की सुटते. चित्राजवळ कात्री नेत नाही आम्ही. ही तर दुहेरी निरगाठ, बरणीच्या तोंडाला फडकं बांधतात तशी."

"हे चित्र तुला आवडायचं असं भार्गवी म्हणाली."

"आवडायचं," तो लगेच म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. चेहरा पांढराफटक पडला.

३

मंगळवारी मी बसवनगुडीला गेले. भार्गवीने बजावलं होतं, पद्मावतीबाईंना चोरीचं कळू द्यायचं नाही. वय एकोणऐंशी, हृदय कमजोर. विम्याच्या कागदांसाठी आलेय एवढंच सांगायचं.

दार त्यांनीच उघडलं. ठेंगण्या, नऊवारी नाही की काही नाही, साधी म्हैसूर सिल्क, नाकात चमकी. भिंतींवर चौकटींचे ओळीने उमटलेले ठसे.

"ये गं. नागपूरची म्हणे तू? आम्ही इथलेच, एकोजीराजांच्या वेळचे. आमची मराठी ऐकून हसू नको हं. ऊटा झाला का?"

मी जेवण झालं म्हटलं. उपयोग नव्हता. पाच मिनिटांत मी पानावर होते. त्या स्वतः बसल्या नाहीत. उभ्यानेच वाढत राहिल्या, स्वयंपाकघरात जात राहिल्या, येत राहिल्या.

"तुम्ही बसा ना आजी."

"वाढणारी कधी बसते होय? तू जेव." मग सहज विचारावं तसं विचारलं, "पेट्या नीट पोचल्या ना? उघडल्या नाहीत ना?"

"नाही," मी खोटं बोलले.

"सरी, बरं झालं. दोन वर्षं उघडायच्या नाहीत म्हणाली होती भार्गवी." त्यांनी माझ्या पानात आणखी पायस वाढलं.

तेवढ्यात रविकिरण आला. भगवंतरावांचा पुतण्या, इमारतींचा धंदा, अंगावर अत्तर. काकू आत गेल्या तसा माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला. चोरीचं त्याला विश्वस्तांकडून आधीच कळलं होतं.

"बघा मॅडम, मी सरळ माणूस. दानपत्र रद्द झालं तर मला आनंद आहे. लपवत नाही. काकांनी मला एकसुद्धा चित्र ठेवलं नाही. पण मी चोरलं असतं तर ते सदतीस नंबर कशाला चोरलं असतं? त्याला बाजारात कुणी विचारत नाही."

"दानपत्र मोडायला कुठलंही एक पुरतं."

"पुरतं की. मग त्या जागी पाट कशाला ठेवीन? रिकामं सोडलं असतं, म्हणजे त्याच दिवशी बोंब झाली असती. मला बोंबच हवी होती!"

मला हा माणूस अजिबात आवडला नाही, पण त्याचं म्हणणं खोडता येईना.

निघताना मी भगवंतरावांची चित्रांची वही बघायला मागितली. जाड, हिरव्या पुठ्ठ्याची. प्रत्येक चित्राला एक ओळ: क्रमांक, चित्रकार, माप, कोणाकडून आलं, कधी आलं. मोत्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. सदतीसवर बोट ठेवलं. माप दीड फूट बाय एक फूट, लाकडी फळीवर तैलरंग. चित्रकार: अज्ञात. आणि 'कोणाकडून' हा रकाना कोरा.

मी उरलेल्या त्र्याऐंशी ओळी तपासल्या. त्यातला एकही रकाना कोरा नव्हता.

४

बुधवारी सकाळी संग्रहालयात गेले तेव्हा भार्गवी फोनवर विश्वस्तांची समजूत घालत होती. मी कीटकतज्ज्ञाच्या टेबलाशी जाऊन बसले. वाळवी निघाली नव्हती; भुगा सुताराच्या करवतीचा होता. टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'पुडके ३७. अज्ञात पिवळ्या बिया, पाच. तपकिरी फळ, एक. प्रयोगशाळेकडे.'

मी पिशवी उचलली आणि हसायला लागले. मोठ्याने, एकटीच. भार्गवी फोन ठेवून धावत आली.

"ही कुठे मिळाली?" मी विचारलं.

"पाटाखाली कागदात होती म्हणे. मी बघितलीच नव्हती. कीटकतज्ज्ञाकडे नवा मुलगा आलाय, त्याने भरून ठेवली असेल." तिने पिशवी डोळ्यांजवळ नेली. "अगं बाई, या तर अक्षता आहेत!"

"आणि सुपारी."

भार्गवी खाली बसली. मी तिच्यासमोर बसले आणि जे रात्रभर डोक्यात घोळत होतं ते क्रमाने सांगितलं.

"चोराला चित्राजागी काहीतरी चपटं ठेवायचं असतं तर प्लायवूड ठेवलं असतं. जयतीर्थ तर गाडीभर घेऊन आला होता. त्याने पाट का शोधावा? आणि आपलं पुडकं तो परक्या गाठीने का बांधेल? रविकिरणला चोरी लगेच उघडी पडायला हवी होती, त्याने काहीच ठेवलं नसतं. ज्याने हे केलं त्याला दोन वर्षं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पण तरीही त्याला ती जागा रिकामी पाठवणं जमलं नाही. कुणाचं भांडं आपण रिकामं परत करतो का, भार्गवी? निदान चिमूटभर साखर घालतो. इथे घरातला चांगला पाट गेला, शिवाय सुपारी, अक्षता. चोरी करताना एवढा शिष्टाचार कोण पाळतं?"

"जो त्याला चोरी समजत नाही तो," भार्गवी सावकाश म्हणाली.

"वहीत त्या एकाच चित्रापुढे 'कोणाकडून' हे कोरं आहे. भगवंतरावांनी ते आणलंच नव्हतं."

"पण आश्लेषा, जेवताना कुणीच उठलं नाही. मी स्वतः पंगतीत होते."

"कुणीच उठलं नाही, हे तुम्ही सगळे अगदी खरं सांगताय. पानं किती मांडली होती?"

"पाच."

"आणि घरात माणसं किती होती?"

तिने बोटं मोजली नाहीत. तिच्या डोळ्यांतूनच मला कळलं की मोजून झालं. वाढणारी पंगतीत बसत नाही, म्हणून ती उठतही नाही. ती आत जाते, बाहेर येते, आणि पानावर मान खाली घातलेल्या माणसांना तिचं जाणं-येणं दिसत नाही.

"पद्मावती अक्का?" भार्गवी कुजबुजली. "पण दानपत्रावर सही त्यांचीही आहे. का केलं त्यांनी असं?"

तेवढं मात्र मला माहीत नव्हतं.

५

बसवनगुडीला आम्ही दोघी गेलो. या वेळी मी जेवायला नकार दिला आणि उभीच राहिले.

"आजी, काल मी तुमच्याशी खोटं बोलले. चौथी पेटी उघडली आहे. आणि जयतीर्थवर चोरीचा आळ आहे. उद्या त्याला पोलिसांत देणार आहेत."

पद्मावतीबाई देवघरात गेल्या, देव्हाऱ्यामागे हात घालून जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या आणि भार्गवीच्या मांडीवर ठेवलं.

"त्या पोराचं नाव कशाला घेतलं तुम्ही? मला पहिल्या दिवशीच पुसायचं ना!" त्या खरोखर चिडल्या होत्या. "मी म्हातारी झाले म्हणून काय सगळं माझ्यापासून लपवायचं? चोरी नाही, काही नाही. माझं मी घेतलं."

भार्गवीने धोतर सोडलं. मातकट पिवळ्या रंगावर एक निळा आकार. खिडकी म्हणा, नाहीतर दुपारच्या उन्हात लोटलेलं दार. मला आधुनिक चित्रातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या निळ्यात गारवा होता आणि बघताना बरं वाटत होतं, एवढं सांगते.

"कुणी काढलं हे?" भार्गवीने विचारलं.

"सोयरा. सोयरा जगताप. बेळगावकडची पोर, इथे चित्रकला शिकायला आलेली. मागच्या खोलीत भाड्याने राहायची. रंग घेतले की खायला काही उरायचं नाही तिला. मी दुपारी डबा द्यायची. दोन वर्षं दिला. ती रोज डबा घासून रिकामा परत द्यायची आणि रोज शरमायची. मग बाप न्यायला आला, लग्न ठरवून. जाताना डब्यावर हे ठेवलं तिने. म्हणाली, 'अक्का, इतके दिवस रिकामाच दिला, आज भरून देते.'"

त्यांनी सोडलेल्या धोतराची घडी घातली.

"एक पत्र आलं तिचं. मग नाहीच. मी ते स्वयंपाकघरात लावलं. यांनी एक दिवस पाहिलं, म्हणाले, 'अरे, हे तर फार चांगलं आहे!' आणि हॉलमध्ये नेऊन नंबर घातला. कुठनं आलं, पुसलं नाही. मीही सांगितलं नाही. मग पाहुण्यांना म्हणायला लागले, बघा, नाव नसलेल्या चित्रकाराचं रत्न मी शोधलं. मी चहा देत होते तिथेच. राग आला? आला की! पण माणूस वाईट नव्हता गं. चित्र दिसलं की त्याला बाकी काही दिसायचं नाही."

"सही करताना का नाही बोललात?" मी विचारलं.

"एक कमी तर सगळंच रद्द, असं वकील म्हणाला. त्यांची आयुष्यभराची हौस मी मोडू? मग मला वाटलं, पेट्या दोन वर्षं बंद राहणार. डॉक्टर मला तेवढंही देत नाहीत. तोवर माझ्याजवळ असू दे. मी गेल्यावर भार्गवीला मिळालं असतं, तशी चिठ्ठी करून ठेवलीय." त्यांनी चित्राच्या कडेला हात लावला. "त्र्याऐंशी चित्रं त्यांची होती. हे एकच माझं होतं."

भार्गवी रडत होती. माझीही नजर धूसर झाली, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

"अक्का," भार्गवी म्हणाली, "हे तुमचंच आहे. मी यादी बदलायला सांगते. त्र्याऐंशीचं दानपत्र करू."

"त्याला रविची सही लागेल. देईल तो?"

तो कधीच देणार नाही, हे आम्हा तिघींना माहीत होतं.

पद्मावतीबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग हिरवी वही काढली, चष्मा लावला आणि सदतीसच्या ओळीत 'अज्ञात' हा शब्द खोडला. त्या वहीतली ती पहिली खाडाखोड. त्यावर लिहिलं, सोयरा जगताप. पुढच्या कोऱ्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, पद्मावती. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण वाचता येत होतं.

"न्या आता," त्या म्हणाल्या. "पण भिंतीवर तिचं नाव लावायचं. पूर्ण."

६

गुरुवारी चौऱ्याऐंशी भरली. विश्वस्तांनी पोच दिली. जयतीर्थची माफी मागायला अध्यक्ष स्वतः उठून उभे राहिले, आणि तो बिचारा त्यांच्यापेक्षा जास्त ओशाळला. रविकिरणने माझ्याकडे रागाने बघितलं आणि निघून गेला. संग्रह एकत्र राहणार होता, एका छताखाली, कायमचा.

मी विमा कंपनीला अहवाल लिहिला: बांधणीतील चूक, वस्तू सापडली, नुकसान नाही. शेवटचे दोन शब्द लिहिताना मी थांबले. नुकसान झालं होतं, पण ते भरून द्यायची सोय आमच्या कुठल्याही पॉलिसीत नाही.

सदतीस नंबर पुन्हा पेटीत जाणार होतं. दोन वर्षं, दालन होईपर्यंत. नियम तो नियम.

शनिवारी भार्गवीचा एक कागद माझ्या सहीसाठी आला. संग्रहालयात तळमजल्यावर चित्रांच्या दुरुस्तीची खोली आहे. तिची एक भिंत काचेची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काम बघता यावं म्हणून. विमा उतरवलेलं चित्र पेटीबाहेर ठेवायचं तर माझी परवानगी लागते. कागदावर होतं: चित्र क्रमांक ३७. चित्रकार, सोयरा जगताप. काम, पृष्ठभागाची सफाई. ठिकाण, काचेची खोली. अपेक्षित कालावधी, चोवीस महिने.

मी फोन लावला. "भार्गवी, ते चित्र मी पाहिलंय. घासलेल्या ताटासारखं स्वच्छ आहे. दीड फुटाच्या चित्राला दोन वर्षं?"

"फार नाजूक काम आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "घाई करून चालत नाही."

"आणि काचेसमोर काय आहे तिथे?"

"एक खुर्ची ठेवलीय कालपासून. हात टेकायची, गादीवाली. पद्मावती अक्का आता तिथेच बसल्यात. सकाळी दहाला रिक्षाने आल्या. जेवायला घरी जा म्हटलं तर म्हणाल्या, थांब गं, स्वल्प बघू दे."

माझ्या नोकरीत कालावधीची चौकशी करणं हे माझं कर्तव्य आहे. मी काही चौकशी केली नाही. सही केली.